घरचं कुलूप

गल्लीत त्यांना सगळे टेपवाले म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही. नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात खुर्च्या उबवणारे कारकून पुष्कळ होते. कमरेला पोलादी टेप अडकवून लोकांच्या घरात शिरणारे, भिंती मोजून घराला किती कर बसेल ते ठरवणारे मोजकेच. त्यातले हे एक. नाकासमोर चालणारा माणूस. कुणी पाकीट पुढं केलं की हात मागं घ्यायचे, आणि मग तीच गोष्ट आठवडाभर बायकोला ऐकवायचे. स्वतःच्या सचोटीचं त्यांना भारी कौतुक होतं. त्या कौतुकापायी एक लहानशी गोष्ट त्यांना कधी खुपलीच नाही.

ती गोष्ट अशी. दर काही वर्षांनी शहरातल्या घरांची नव्यानं आकारणी होते. मोजणारा येतो, खोल्या मोजतो, त्या भागात जागेला सध्या काय भाव चालू आहे ते बघतो, आणि दोन्ही मिळून कराचा आकडा काढतो. दाराला कुलूप असलं तर 'दार बंद' असा शेरा मारून निघून जातो, आणि जुनाच आकडा पुढं चालू राहतो. आता मोजणाऱ्यांचीही घरं असतातच की. आपलं घर आपण मोजायचं नाही, सहकाऱ्यानं मोजायचं, असा खात्याचा नियम. सहकारी यायचा, ऐसपैस बसून चहा प्यायचा, आणि उठताना हसून विचारायचा, "काय वहिनी, कुलूप आहे ना दाराला?" उघड्या दारात उभ्या राहून वहिनीही हसायच्या. खात्यात याला 'घरचं कुलूप' म्हणत. यात पाकीट नव्हतं, टेबलाखालून काही नव्हतं, म्हणून यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. टेपवाल्यांनी इतरांच्या दारांना ते घातलं होतं आणि इतरांनी टेपवाल्यांच्या.

टेपवाल्यांच्या घराला लागूनच काकूंचं घर. मधली भिंत एकच. टेपवाल्यांचे वडील आणि काकूंचे यजमान जिवाभावाचे मित्र. दोघांनी एकाच गवंड्याकडून, एकाच नकाशावर, एकाच वर्षी घरं बांधून घेतली. एकाचा जिना डावीकडं, दुसऱ्याचा उजवीकडं, एवढाच काय तो फरक. यजमान गेल्यापासून काकू पुढच्या खोलीत मशीन मांडून लोकांचे कपडे शिवायच्या. टेप म्हणून काही वस्तू असते हे टेपवाल्यांनी लहानपणी पहिल्यांदा पाहिलं ते काकूंच्या गळ्यात. त्यांचे शाळेचे सगळे सदरे काकूंनीच शिवलेले, दर वर्षी वाढीची दुमड आत ठेवून.

यंदाच्या आकारणीला या गल्लीत टेपवाल्यांचा सहकारी आला होता. अंगानं भरभक्कम, खात्यात त्याला सगळे दादा म्हणत. टेपवाल्यांकडं त्यानं चहा घेतला, कुलूप घातलं आणि शेजारी काकूंकडं गेला. काकूंनी दार सताड उघडलं. मशीन बाजूला सरकवली, पाणी दिलं, वर टेपचं दुसरं टोक धरून स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. दादा कागद आवरून निघाला तर त्याला हाक मारून म्हणतात कशा, "अहो, माळा राहिला की मोजायचा!" मग माळाही मोजला गेला. तेव्हा टेपवाले दारातच उभे होते आणि त्यांना या भाबडेपणाची गंमत वाटली होती.

आधीच्या आकारणीनंतर समोरच्या अंगाला उंच इमारती उठल्या होत्या, दलाल हिंडायला लागले होते, जागेचा भाव कुठच्या कुठं गेला होता. काकूंचं बिल आलं ते तिपटीनं.

"बाळा, हे बघ रे काय आलंय." पन्नाशी उलटलेल्या टेपवाल्यांना काकू अजून बाळाच म्हणायच्या.

"भाव वाढलाय काकू. तुमचं घर आता लाखमोलाचं झालंय."

"ते विकलं तर! मी कुठं विकायला काढलंय? घराचा भाव वाढला म्हणून माझी मशीन जास्त टाके घालते का?" काकूंनी बिलाची घडी घातली. "हा आकडा उतरला नाही ना, तर पुढची खोली भाड्यानं द्यावी लागेल. मग मशीन काय डोक्यावर ठेवू?"

टेपवाल्यांनी त्यांना धीर दिला. हरकत घ्या म्हणाले, अर्जही लिहून दिला. सुनावणीत एकच करायचं असतं, त्यांनी समजावलं. आपल्याच गल्लीतलं, आपल्याच मापाचं, आपल्याइतकंच जुनं आणि कमी आकारणीचं एक घर दाखवायचं. साहेबांना पटलं की आपला आकडा त्याच्या बरोबरीला येतो. मात्र सुनावणी एकदाच. नंतर पुढच्या आकारणीपर्यंत दार वाजवायची सोय नाही.

"मग कुठलं घर दाखवू?"

आता भिंतीपलीकडचं आपलंच घर टेपवाल्यांना आठवलं नाही असं कुणी समजू नये. आठवलं, चांगलं आठवलं, आणि त्यांनी त्या आठवणीला बाहेरच उभं ठेवलं. "कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं दाखवा," ते म्हणाले.

सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. साहेब टेबलामागं, बाजूला मोजणाऱ्यांचा बाक, त्यावर टेपवाले. काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. त्यांनी किराणावाल्याचं घर सांगितलं. साहेबांनी कागद चाळले आणि मान हलवली.

"बाई, तिथं खाली दुकान आहे. दुकानाचा हिशोब वेगळा, तो तुमच्या घराला लागू नाही. दुसरं दाखवा. अगदी तुमच्यासारखं पाहिजे."

काकूंनी टेपवाल्यांकडं पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्या पाहण्यात सगळं होतं. यांना आपल्या घराचा आकडा माहीत आहे, टेपवाल्यांच्या मनात आलं. आता काकू हात वर करणार आणि बोट थेट आपल्याकडं येणार.

"नाही साहेब," काकू म्हणाल्या. "माझ्या घरासारखं दुसरं नाही."

साहेब वाईट नव्हते. त्यांना बाईंचं काम व्हावंसं वाटत होतं. ते बाकाकडं वळले. "टेपवाले, तुम्ही तर त्याच गल्लीत राहता ना? आहे का हो असं एखादं घर?"

एवढा सोपा प्रश्न माणसाला जन्मात क्वचित कुणी विचारतं. तोंड उघडून 'माझं' म्हणायचं, संपलं. टेपवाल्यांनी कमरेच्या टेपवर हात ठेवला. मग म्हणाले, "पाहावं लागेल, साहेब."

साहेबांनी सही केली. हरकत फेटाळली.

बाहेर पायऱ्यांवर काकूंनी त्यांना गाठलं. टेपवाले नजर चुकवून निघालेच होते. "जाऊ दे रे, नसतं एकेकाच्या नशिबात," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या दंडावर थोपटलं. "तू समोर बसला होतास म्हणून मला धीर तरी आला." दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. टेपवाल्यांना धरणी दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, काकूंना आपला आकडा कसा कळला?

"मीच सांगितला की," बायको म्हणाली. "बिलं आली त्याच दिवशी. आपलं यंदाही तेवढंच आलंय म्हटलं. का हो, त्यात काय लपवायचं होतं?"

म्हणजे अर्ज लिहून घेताना काकूंना माहीत होतं. किराणावाल्याचं नाव ऐकून त्यांनी मान डोलावली तेव्हाही माहीत होतं. टेपवाले जेवायला बसले आणि तसेच उठले. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत होता आणि तो त्यांना ऐकवत नव्हता. लाज अशी की स्वतःच्या घरात कुठल्या खोलीत बसावं ते कळेना. सगळ्या खोल्या तिकडच्यासारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दादाला खात्यात गाठलं. "माझं कुलूप काढ. घर मोज."

"डोकं फिरलंय का?" दादानं इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "एकाचं निघालं की सगळ्यांची निघतील."

"निघू देत."

"अरे, तिप्पट बसेल तुला!"

"बसू दे. येतोस, की साहेबांना सांगू?"

दादा सुट्टीच्या दिवशी तोंड पाडून आला. चहाला नको म्हणाला. बायको आत भांडी आपटत होती, कारण तिला यातलं काही पटलेलं नव्हतं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं; टेपवाल्यांनी स्वतः धरायचं नाही, नियम होता. तेवढ्यात आवाज ऐकून काकू आल्या. काय चाललंय ते पाहिलं, आणि काही न विचारता टोक हातात घेऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टेपवाल्यांना हायसं वाटलं. सुनावणीनंतर पहिल्यांदाच त्यांनी काकूंकडं मान वर करून पाहिलं.

पुढची खोली झाली, मधली झाली. जिन्यापाशी काकूंनी हळूच विचारलं, "बाळा, म्हणजे आता माझा आकडा उतरेल ना?"

दादा छताकडं पाहायला लागला.  सुनावणी एकदाच हा नियम टेपवाल्यांना पाठ होता, त्यांनीच तर तो काकूंना समजावला होता. पण स्वतःचं मन हलकं करायच्या घाईत त्यांनी त्याचा विचारच केला नव्हता.

"नाही काकू. सुनावणी झाली ना. पुढच्या आकारणीपर्यंत आता काही होत नाही."

"मग हे मोजून?"

"हे मोजून... माझा वाढेल."

"आणि त्या दिवशी बोलला असतास तर?"

 काकूंच्या आवाजात राग नव्हता. कपडा बेतताना चूक कुठं झाली ते शोधावं तसं त्या विचारत होत्या.

"मग आता हे कुणासाठी चाललंय, बाळा?"

 काकूंनी टेपचं टोक पुन्हा भिंतीला टेकवलं.

"चला," त्या दादाला म्हणाल्या. "अजून माळा राहिलाय."