किल्ली मोठ्यानं वाचावी लागली

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यात एका बियाणे कंपनीचं नेटवर्क मी सांभाळायचो. भोकरदनच्या शाखेतून रोज प्लॉटची माहिती यायची: कोणत्या शेतात कोणत्या वाणाचे नर-मादी लावलेत. कंपनीचं गुपित तेच. म्हणून दोन्हीकडच्या राउटरांत मी नियम घातला होता, की शाखेचा सगळा मजकूर सांकेतिक करूनच पाठवायचा.

एक दिवस पाहतो तर माहिती येतेय, पण सांकेतिक होऊन गेलेल्या पाकिटांचा, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांचा, राउटरातला आकडा जागचा हलत नाही. म्हणजे सगळं उघडंच चाललं होतं! शाखाप्रमुखांना फोन केला.

"चालू हाय ना साहेब? मंग हात कशाला लावता?"

मालकांचंही तेच मत. वैतागून एसटी पकडली.

भोकरदनला गेल्यावर उलगडा झाला. मुख्य लाइन सारखी पडते म्हणून मालकांनी मला न विचारता ठेकेदाराकडून दोन्हीकडच्या राउटरांना फोनची लाइन जोडून घेतली होती. मुख्य लाइन पडली, की राउटर या फोनच्या लाइनवर जायचा. माझा नियम मुख्य लाइनपुरता. हिला नियमच नव्हता.

तो लावला, तर जोडणीच तुटली. जालन्याच्या टोकालाही तोच नियम आणि तीच किल्ली, म्हणजे मजकूर सांकेतिक करायची गुप्त अक्षरं, हवी. तिथल्या सहकाऱ्याला दुसऱ्या फोनवरून किल्ली सांगू लागलो. फोनवर नुसती खरखर.

"पहिलं अक्षर टी. मोठा टी."

"पी?"

"टी! टी!"

अख्खी किल्ली मी ओरडून सांगितली, तरी जोडणी होईना. शाखाप्रमुखांसमोर दुसऱ्या बियाणे कंपनीचा प्रतिनिधी चहा पीत बसलेला. तो हसत म्हणाला, "साहेब, आणखी एक डाव सांगा. माझं शेवटचं अक्षर राह्यलं."

माझं डोकंच फिरलं. ती किल्ली रद्द केली, नवी घातली आणि ती डोक्यात धरून जालन्याला परतलो. तोवर शाखेची जोडणी बंदच. जालन्याच्या राउटरात ती स्वतःच्या हातानं घातली, तेव्हा कुठे आकडा हलला.

मालक आले. "अर्धा दिवस काम बंद. बदललं काय?"

दिसायला काहीच बदललं नव्हतं. मी पडद्यावर वाढता आकडा दाखवला.

"हे आकडे पाहायला तुम्हाला ठेवलं न्हाई," म्हणाले आणि निघून गेले.