गाळलेली तीन पानं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — शुगर किती, चोरून गोड कुठं खातो, कोणत्या मेहुण्यावर डूख धरून आहे. हे नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

देवळीत बाजारासमोर दोन खोल्यांचं एक वाचनालय आहे, तिथं मी ग्रंथपाल. मीही लिहितो. लिहितो म्हणजे — एक कथासंग्रह छापलाय. त्याच्या पाच प्रती कपाटात आहेत. एकदा एकानं त्यातली एक नेली आणि दुसऱ्या दिवशी आणून दिली. म्हणाला, "सर, मी दुसरंच समजून नेलतं." हसा खुशाल. मीही आता हसतो, तेव्हा नव्हतो हसलो.

आणि ही वनिता. मूळची रोहण्याची. आई गेल्यावर आत्यानं, म्हणजे अनसूयाबाईनं, तिला देवळीला आणून वाढवलं. अनसूयाबाई भाजी पिकवते आणि बाजारात माझ्या वाचनालयाच्या अगदी समोर बसते. शाळा सुटली की वनिता आमच्याकडे पुस्तकात डोकं घालून बसायची. तिच्या पहिल्या गोष्टी मीच तपासल्या, लाल पेनानं. पुढं ती वर्ध्याला कॉलेजात शिकवायला लागली आणि चार वर्षांपूर्वी तिची कादंबरी आली.

माझ्या पोटात दुखायला लागलं, सरळच सांगतो.

सगळ्यांना आवडली असं मुळीच नाही! आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी म्हणाले, "एवढी पानं वाचली, पन झालं काय यात?" कापडवाल्या शेठजींना त्यात गावाची बदनामी दिसली. दोन मुलींनी मात्र तीच प्रत लागोपाठ नेली, आणि एक नर्सबाई पुस्तक परत करताना काउंटरपाशीच रडल्या. मी काय केलं? तलाठ्यांना चहा पाजला. नर्सबाईंना म्हटलं, तारीख उलटून गेलीय तुमची.

इथंच थांबावं असं वाटतंय. एवढा हेवा कोणाला नसतो? पण एवढंच असतं तर मी तुमच्यापर्यंत आलो असतो का?

आमच्याकडे एक रिवाज आहे. बाजार उलगला की भाजीवाल्या बायका गाडीची वाट बघत वाचनालयाच्या ओट्यावर टेकतात आणि मी त्यांना तासभर वाचून दाखवतो. आधी पोथी वाचायचो, मग गोष्टी. बहुतेकींना अक्षरओळख नाही. वनिताचा निरोप आला — माझं पुस्तक वाचा ना सर, त्या बायकांसाठीच लिहिलंय. नाही कसं म्हणणार? वाचायला घेतलं.

कादंबरीत एक आत्या आहे, भाजी विकणारी. दुकानावर बसलेल्या पोरीनं पुस्तक उघडलं की तिच्या पाठीत धपाटा घालणारी. ती कोण हे ओट्यावरच्या प्रत्येकीला कळलं होतं. अनसूयाबाई मान खाली घालून ऐकायची आणि उठताना विचारायची, "मंग पुढं काय होते?"

पुढं — शेवटाकडे — तीन पानं होती. ती मी आदल्या दिवशी घरी वाचली. त्यांत कोणाचं नाव नाही, नुसती आत्या आणि पोर. आत्या मिरच्या बांधायला रद्दीतला कागद घेते तेव्हा आधी तो उलटून बघते. फोटो, जाहिराती असलेला कागद मिरच्यांना. नुसत्या अक्षरांनी भरलेला असला की मांडीखाली. तिला वाचता येत नाही, पण पोरीला अक्षरं लागतात एवढं तिला कळलंय. संध्याकाळी तो गठ्ठा पोरीपुढं टाकते आणि खेकसते, "जाळ चुलीत!" काडीपेटी मात्र कधी देत नाही.

मी वीस वर्षं समोर बसलोय हो. तिच्याकडूनच मिरच्या नेल्यात. मला का नाही दिसलं? कथा लिहायला विषय नाहीत म्हणून मी कपाळावर हात मारून घेत होतो, आणि विषय समोर मिरच्या बांधत होता. एवढ्याशा पोरीला दिसला, मला नाही. त्या दुपारी मी किती जळलो ते लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती तीन पानं आली, तेव्हा मी ती एकदम उलटली आणि पुढचं वाचायला लागलो. जीभ अडखळली नाही. कोण पडताळून बघणार होतं?

महिन्याभरानं वनिता आली. बाकीच्यांनी काय म्हटलं ते सोडा, मला तुमचं ऐकायचंय, म्हणत ओट्यावर बायकांत बसली. मग अनसूयाबाई उठली.

"म्या मारलं, तेवढंच ध्यानात राह्यलं तुह्या? दुसरं काहीच नाई दिसलं तुले?"

वनिताचं तोंड उतरलं. "आत्या, शेवट आयकला ना तू?"

"आयकला."

वनितानं माझ्याकडे बघितलं. "सर, सगळं वाचलं ना तुमी?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? तिला लिहायला मी शिकवलेलं. ती पानं ऐकूनही आत्याला फक्त धपाटेच ऐकू आले, असं तिनं धरलं — म्हणजे आपल्यालाच लिहिता आलं नाही. त्या दिवसापासून ती देवळीला आली नाही. तिच्या मुलाच्या बारशाला आत्या गेली नाही. मागच्या वर्षी वर्ध्याचे एक प्राध्यापक सांगत होते, दुसरी कादंबरी अर्धी झाली होती, ती तिनं फाडून टाकली. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांनाच पोचत नाही तर कशाला, म्हणते.

या हिवाळ्यात अनसूयाबाई पडली, पाय मोडला, बाजारात येईना. मी त्या तीन पानांची झेरॉक्स काढली आणि दुपारी तिच्या घरी गेलो. आधी वाचायचं आणि मग सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं होतं. नक्की ठरवलं होतं. खाटेजवळ बसून नीट वाचलं, एकही शब्द न गाळता. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली — वयानं मोठी, मला अरेतुरेच करते — "तू पायत होता त मंग."

मला कळेना.

"समोर बसून पायत होता तू. मले वाटे, कोनाचंच ध्यान नाई. जिच्यासाठी केलं तिले नाई दिसलं, अन् तुले दिसलं. तूच लिवलं ना हे?"

मी काय म्हणायला हवं होतं? वनितानं लिहिलंय — दोन शब्द. तोंडाशी आले होते. तिचे ओले डोळे माझ्यावर होते. माझ्या लिहिण्यावर आजवर कोणी रडलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

आणि मला फार बरं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी बरं वाटलं.

आता ती काठी टेकत बाजारात येते. भाजी घ्यायला येईल त्याला सांगते, सरनं माह्यावर लिवलं, जिले पोटच्या पोरीसारखी वाढवली तिनं नाई लिवलं. ओट्यावरच्या बायका मला बसायला सतरंजी टाकून देतात. मी बसतो.