उसना कोळी

आमच्या घरात त्या वर्षी कोळी सोडून कोणालाही स्वस्थ बसायची परवानगी नव्हती. कारण आमचे हे ऊर्णनाभ अभ्यास मंडळाचे सभासद झाले होते. (ऊर्णनाभ म्हणजे आपला घरातला जाळे विणणारा कोळी. पण तसे साधे नाव ठेवले तर विद्वान कोण म्हणणार?) बारामती आणि इंदापूर मिळून मंडळात माणसे सात. सहा जण पदाधिकारी, आणि ज्याच्यावर अधिकार गाजवायचा ते एकटे आमचे हे! मंडळाचे त्रैमासिक निघे वर्षातून एकदा. त्यात पंधरा पाने एकमेकांच्या अभिनंदनाची, पाऊण पान कोळ्याचे.

यांचा लेख तिथे तीनदा नाकारला गेला होता. शेवटी अध्यक्षांचे, म्हणजे इंदापूरच्या आबासाहेबांचे पत्र आले : 'रविवारी येतो. तुमच्या माजघरातला कोळी डोळ्यांनी पाहीन, मगच लेख छापीन.' हे शाळेत मास्तर, पण पत्र वाचून पहिलीतल्या पोरासारखे नाचले.

मी चौथी शिकलेली. मला एवढेच कळले, की मोठा पाहुणा येतोय. मग बाईमाणूस काय करते? रविवारी हे मोटारीच्या अड्ड्यावर गेले आणि मी काठीला केरसुणी बांधली. आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत एक जळमट ठेवले नाही!

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "कसं लखलखतंय घर! पर गं, त्यो पावना बघाया काय येनार हाय?"

केरसुणी माझ्या हातातून गळाली.

धावत शेजारच्या चंद्राक्कांकडे गेले. (मला मीठ मागायलाही लाज वाटते, आणि इथे कोळी मागायचा!)

"अक्का, एखादा कोळी हाय का... उसना?"

"काय म्हनलीस? माझ्या घरात जळमटं हाईत व्हय?"

"न्हाय हो, आमच्यातला संपला..."

"मास्तरीण झालीस म्हून आमाला घाणेरडं म्हनतीस? थांब!"

आणि रागाने त्यांनी घर झाडायला काढले. त्यांचा आरडाओरडा ऐकून समोरचीने केरसुणी उचलली, मग तिच्या पलीकडचीने. दिवाळीलाही आमची आळी कधी एवढी स्वच्छ झाली नव्हती!

मी गोठ्यात गेले, कडब्यात डोके खुपसले. हाती काय आले? शिंका. तोवर पाहुणे आले. पदर सावरून मी दाराआड उभी राहिले.

रिकामा कोपरा पाहून हे पांढरे पडले. "इथंच होता, आबासाहेब! काल संध्याकाळपर्यंत होता!"

"मास्तर, मंडळाची चेष्टा करता? लेखाचं विसरा!" अध्यक्ष उठलेच.

यांचा चेहरा मला बघवेना. जन्मात पहिल्यांदा परपुरुषापुढे आले आणि म्हटले, "मी झाडला."

अध्यक्ष वळले आणि किंचाळले, "वहिनी, हलू नका!"

पदराच्या काठाखालून माझ्या कपाळावर आठ पाय उतरत होते. कडब्यातला!

"पदर मागे घ्या."

"न्हाय घ्यायची!" सासूबाई गरजल्या. "घरंदाज सून हाय माझी!"

"आई, शास्त्राचा प्रश्न आहे!" हे कळवळले.

"मग तुझ्या शास्त्राच्या डोस्क्यावरचा घे!"

अखेर तोड निघाली. सासूबाईंनी माझा पदर दोन बोटे वर धरला, आणि अध्यक्ष भिंग लावून तासभर बघत राहिले. कपाळाला गुदगुल्या, नाकात कडब्याची धूळ, आणि शिंक आली तर यांचा लेख गेला! एवढी कळ मी बाळंतपणातही सोसली नव्हती.

लेख छापून आला. यांचे नाव ठळक अक्षरांत, कोळ्याच्या आठही पायांची मापे. मी अक्षर अक्षर लावून माझे नाव शोधले. ते नव्हते. डोके मात्र होते : 'वसतिस्थान : अंधारी, कोंदट, फारशी वापरात नसलेली जागा.'

सासूबाईंना वाचून दाखवले, तर म्हणाल्या, "बघ, शिकल्याली मानसं! तासाभरात वळखलं. मला चार वर्सं लागली."