थंड्यासाठी एक नवरी

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या मुलाने पुण्याहून येऊन त्याची दोन मुलं आमच्याकडे सोडली. नात नऊ वर्षांची, नातू सहा. जाताना त्याने अट घातली. रविवारी दुपारी शेजाऱ्यांकडे फोन करीन. मुलं कंटाळली असली तर सोमवारी येऊन त्यांना मुंबईला, त्यांच्या आईच्या माहेरी पोचवीन. तिथे केबल होती आणि हाकेच्या अंतरावर समुद्र होता. आमच्याकडे गोडादऱ्यात, एका गुजराती कापडशहराच्या कडेला, दोन खोल्या, एक पंखा आणि दूरदर्शन होतं. पत्नीला मुलं शाळा उघडेपर्यंत हवी होती. तसं ती म्हणाली नाही. मात्र सुट्टी संपेपर्यंत पुरेल इतका चिवडा तिने आधीच करून ठेवला होता.

पहिल्या तीन दिवसांत फुकट करमणुकीचे सगळे मान्य प्रकार संपले. मी वर्तमानपत्रात नोकरी केलेली असल्यामुळे घरात रद्दीला तोटा नव्हता. तिच्या टोप्या झाल्या, होड्या झाल्या. जवळच्या लूम कारखान्यातून रिकाम्या बॉबिनी मागून आणून किल्ला रचला; तो नातवाने एका लाथेत जिंकला. उधना स्टेशनवर जाऊन गाड्या पाहिल्या. नातीने विचारलं, "आजोबा, यातली पुण्याला कुठली जाते?"

पत्नीने हा प्रश्न मनावर घेतला. चौथ्या दिवशी सकाळी तिने मुलांच्या डोक्याला तेल लावलं, बाहेरचे कपडे घातले आणि जाहीर केलं, "चला, साड्या बघायला."

"कुणाला घ्यायच्यात?" मी विचारलं.

"घ्यायच्या कुणाला? बघायच्यात."

रिंग रोडवरच्या कापड मार्केटांत घाऊक साड्यांच्या दुकानांना एसी असतो. आत पांढऱ्याशुभ्र गाद्या, टेकायला लोड. गिऱ्हाईक मोठं दिसलं की शेठ बसल्या जागेवरून ओरडतो, "थंडा लाव!" आणि थंड पेयाच्या बाटल्या येतात. एका साडीसाठी तिथे कुणी मान वर करून पाहत नाही. आहेराच्या एक्कावन्न साड्या हव्यात म्हटलं की समोसेही येतात. एक्कावन्न आहेरांना लग्न लागतं आणि लग्नाला नवरी. आम्हाला एकच अपत्य, तेही मुलगा. तेव्हा पत्नीने रिक्षातच एक मुलगी निर्माण केली आणि मुलांना आत्या दिली. मुलं खोटं बोलली म्हणून हिने म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत पंचवीस वर्षं छड्या मारल्या होत्या.

पहिल्या दुकानात आम्ही सव्वा तास गारव्यात बसलो. दोन सेल्समन साड्या उलगडून हवेत फेकत होते आणि त्या मुलांच्या अंगावर पडत होत्या. नातू साड्यांच्या ढिगाखाली शिरून पलीकडून निघत होता. जत्रेतल्या पाळण्याचे पैसे पडतात. याला काही नाही.

"आत्याला हा रंग चालणार नाही," नात म्हणाली.

"का ग?" पत्नीने विचारलं.

"सावळी आहे ना ती."

"सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे," पत्नी ताबडतोब म्हणाली. "आणि पिवळा तिला फार खुलतो."

परत येताना रिक्षात मला कळलं की आमच्या मुलीचं एम.ए. झालेलं असून तिला तिखट चालत नाही. हे ठरवताना मला कुणी विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान, तिसऱ्या दिवशी तिसरं. त्या तिसऱ्या दुकानात नातवाने दोन बाटल्या थंडा प्यायला आणि त्याला घाईची लागली. पत्नी बनारसी बघत होती. उठायचं नाव नव्हतं. तेवढ्यात शेठने नातवाच्या गालाला हात लावून विचारलं, "बोल बेटा, फोईचं लग्न केव्हा?" फोई म्हणजे आत्या.

नातवाने निघण्याचा सर्वांत जवळचा मार्ग निवडला. "मोडलं," तो म्हणाला.

सेल्समनच्या हातातली साडी हातातच राहिली. शेठ पत्नीकडे वळला. "बेन, हे शूं? तरीपण तुम्ही आल्या?"

पत्नीने पदर डोळ्यांकडे नेला. हसू लपवायला नेला होता, पण शेठने त्याचा दुसरा अर्थ घेतला. "अरे, रडू नका. आमचा मेहताजी तुमच्यातलाच आहे. जळगाव बाजूचा. हिशोबाच्या चोपड्या लिहितो, बिडीसुद्धा ओढत नाही. अजून कुंवारा. रविवारी पाठवू?" कोपऱ्यात वह्यांवर वाकलेल्या एका तिशीतल्या माणसाने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

मी काही बोलण्यापूर्वी नातीने पत्ता सांगितला. हरवलं तर सांगायचा म्हणून आजीनेच तो पाठ करून घेतला होता; पोरीने तो पाण्याच्या टाकीच्या खुणेसकट, खणखणीत म्हणून दाखवला. नातू तोवर दाराबाहेर पोचला होता.

रविवारी दहा वाजता दारात रिक्षा थांबली. मेहताजी, त्याचे मामा आणि त्याची आई उतरले. आईने घडीची साडी नेसली होती आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. पाहुणे दिसताच पत्नी सवयीने पोहे भिजवायला आत गेली. मला बैठकीत एकट्याला सोडून जाण्याची ही तिची पहिली वेळ नव्हती.

"पोर कोठे शे, भाऊ?" आईने अहिराणीत विचारलं.

वर्तमानपत्रात चूक झाली की खुलासा छापतात. खुलाशाचा नियम असा की तो थोडक्यात असावा. "मुलगी नाही," मी म्हणालो.

"मरी गई का?" ती दचकली.

"जन्मलीच नाही."

मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग मला सगळं सांगावं लागलं: ऊन, मुलं, एसी, बाटल्या. ऐकताना सगळ्यांत आधी मेहताजी हसला. आतापर्यंत आठ मुलींनी त्याला नकार दिला होता. न जन्मता नकार देणारी ही पहिलीच, असं तो म्हणाला. आई हसली नाही. पेढ्यांचा पुडा तिने मांडीवर घट्ट धरला होता.

"मंग आम्ही कोनले देखाले उनूत?" तिने मला नाही, बाहेर आलेल्या पत्नीला विचारलं. "मी या रिक्षासाठी आज सकाळी पाणी भरानं सोडीसन उनू. आमना नवागामले नळ एकच टाइम येस."

पत्नीने पोह्यांच्या बशांचं ताट खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. "चुकलं, बाई. पोरं चार दिवस जास्त राहावीत म्हणून केलं. ती जातात हो लवकर."

नातवाने पुड्याकडे पाहिलं. आईने नातवाकडे पाहिलं, गाठ सोडली आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"तठे खरंच इतलं थंड लागस का?" तिने विचारलं.

"स्वेटर लागतो," नात म्हणाली.

आई मुलाकडे वळली. त्याचं हसू थांबलं. "नऊ वरीस तू त्या थंडाईमा बसी राहिना. माले पत्र्याना घरमा ठेवं. एक दिन तरी तठे बसाडं का माले?"

"माय, ते गिऱ्हाइकासाठी असतं."

"मंग मी गिऱ्हाईक व्हसू." तिने पोह्यांची बशी ओढली. पहिला घास खाऊन झाल्यावर ती पत्नीला म्हणाली, "बाई, तू नुसती नवरीनी माय बनीसन जास. नवरदेवनी माय नको का? बिगर विहीणनं लगीन कोन खरं मानी?"

मेहताजीने एवढंच बजावलं की त्याच्या दुकानात येऊ नका. पलीकडच्या मार्केटमध्ये जा, तिथला एसी नवा आहे. मंगळवार ठरला.

दुपारी दीड वाजता शेजाऱ्यांकडे पुण्याचा फोन आला. पत्नी उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. नातीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"कंटाळा?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही सोमवारी येऊ नका. मंगळवारी आम्हाला विहीणबाईंना घेऊन जायचंय."

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं.

"नाही, लग्न कुणाचंच नाही," नात म्हणाली. "थांबा, आजीला देते. तिला नीट सांगता येतं."