कौन्सिलर पाथ्रीकरांची गैरहजेरी

माधव पाथ्रीकर राजकारणात शिरला तो निव्वळ भिडेपोटी. मँचेस्टरच्या ट्रामच्या शेवटच्या टोकाला त्याचं घर, आणि त्या वॉर्डात त्याच्या पक्षाला कुत्रंही विचारत नव्हतं. पण मतपत्रिकेवर पक्षाचं नाव दिसायला हवं, म्हणून कुणीतरी उभं राहणं भाग होतं. "फक्त नाव दे, बाकी काही करायचं नाही," असं स्थानिक शाखेच्या हेलननं सांगितलं. काही करायचं नाही म्हटल्यावर माधव लगेच तयार झाला. मूळचा नागपूरचा, विमा कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी, आणि समोरच्याला नाही म्हणायला जन्मात कधी जमलेलं नाही.

खरं तर हेलन त्या दिवशी आली होती ती त्याच्या बायकोला, सुनेत्राला, विचारायला. सुनेत्रा गावच्या लायब्ररीत कामाला होती आणि अर्धं गाव तिला नावानं ओळखायचं. पण लायब्ररी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, आणि कौन्सिलच्या नोकराला त्याच कौन्सिलची निवडणूक लढवता येत नाही. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. तेव्हा हेलनची नजर सोफ्यावर बसलेल्या माधवकडे वळली.

मग सुट्टीच्या दिवशी सुनेत्रा माधवच्या फोटोची पत्रकं घेऊन दारोदार हिंडली. कुत्री अंगावर आली, पावसानं झोडपलं, एका आजीबाईंनी तिला आत बोलावून दिवा बदलून घेतला. माधव गाडीत बसून कुठली गल्ली झाली आणि कुठली राहिली ते बघायचा. मतमोजणीच्या दिवशी तो निवडून आला आणि सगळ्यांत मोठा धक्का त्यालाच बसला. पुढे तो दर खेपेला निवडून येत राहिला.

कारभार असा चालायचा. उखडलेला फुटपाथ, न उचललेली कचऱ्याची बिनं, भाड्याच्या घरातली ओल, असं सगळं गाऱ्हाणं लोक लायब्ररीत येऊन सुनेत्राच्या कानावर घालत. घरी आली की ती सांगायची आणि माधव ई-मेल टाइप करायचा. मीटिंगच्या आधी येणारे जाडजूड कागदही तीच वाचायची आणि कणीक मळता मळता म्हणायची, "पार्किंगला हो म्हण. प्लेग्राउंड विकायला मात्र नाही. कुणी विचारलं तर सांग, तिकडच्या मुलांना दुसरीकडे खेळायला जागाच नाही." माधव सभागृहात उभा राहून तेच छान घोटीव इंग्रजीत मांडायचा. हा माणूस अभ्यास करून येतो, असं लोक म्हणत. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. माणसाला आपल्याबद्दलचं चांगलं किती पटकन पटतं!

सप्टेंबरअखेर सुनेत्रा गेली. लायब्ररीतच डोक्यातली शीर फुटली. अँब्युलन्स वेळेवर आली, पण उपयोग झाला नाही. माधव रडला नाही. फ्युनरलला आलेल्यांना त्यानं चहा दिला, अनुयाला, म्हणजे मुलीला, लीड्सच्या ट्रेनमध्ये बसवून दिलं आणि घरी येऊन सोफ्यावर बसला. त्यानंतर तो जवळजवळ तिथंच होता. ऑफिसचं काम लॅपटॉपवर व्हायचं. भूक लागत नव्हती, पुढ्यात आलं तर खाल्लं जायचं. आपल्याला दुःख होतंय का, असं तो कधीकधी स्वतःलाच विचारून बघे, आणि आत काही म्हणजे काही हलत नसे. कौन्सिलची पाकिटं दाराशी येऊन पडत, ती न उघडता जिन्याखाली ठेवून देई.

मार्चमध्ये हेलन स्वतःच दारात येऊन उभी राहिली. सहा महिने एकाही मीटिंगला न आलेल्या मेंबरची जागा आपोआप जाते. मुदतवाढीसाठी तिनं किती फोन केले, माधवनं एकही घेतला नव्हता, आणि आता ती मागायची वेळही टळून गेली होती; मुदत संपायच्या आत गुरुवारची एकच मीटिंग उरली होती. कौन्सिलमध्ये आता ती सत्ताधारी पक्षाची नेता होती आणि तिच्याकडे एकाच मताचं बहुमत होतं. "गुरुवारी येऊन नुसता बस," ती म्हणाली, "बोलायचीसुद्धा गरज नाही."

जागा गेली तर जाऊ दे, असं माधवला वाटलं. तसं तो अनुयाला फोनवर म्हणालाही. अनुया तिथंच वाढलेली, तिचं मराठी थोडं मोडकं.

"बाबा, सीट तुझा नाहीये तो," ती म्हणाली. "आईचा आहे. प्लीज जा."

गुरुवारी संध्याकाळी माधव गेला. त्याची हजेरी लागली, जागा वाचली, आपल्या बाकावरून हेलन त्याच्याकडे बघून हसली. उठून घरी गेला असता तरी चाललं असतं. पण तो बसून राहिला, आणि बागेच्या कचऱ्याच्या बिनला फी लावायचा विषय मताला आला. विरोधी पक्षानं मागणी केली, की प्रत्येकाचं नाव पुकारून मत नोंदवा.

हेलननं लांबूनच मान हलवून हो म्हणायची खूण केली. माधव सुनेत्राचा आवाज आठवायला लागला. या बिनांबद्दल ती काय म्हणाली असती? त्यानं खूप प्रयत्न केला, पण काही ऐकू येईना. तिथं त्याला भीती वाटली.

"कौन्सिलर पाथ्रीकर?" क्लार्कनं पुकारलं.

"मला माहीत नाही."

"बाजूनं, विरोधात की तटस्थ?"

"मी वाचलेलं नाही," माधव म्हणाला. "मी कधीच वाचत नव्हतो. माझी बायको वाचायची."

हेलननं मान खाली घातली. समोरून पॉलीननं माइक लावला. ही विरोधी पक्षातलं जुनं खोड. माधवच्या प्रत्येक भाषणाच्या तिनं चिंध्या केल्या होत्या. आता ती राजीनामा मागणार, आणि मागितला तर चूक नाही, असं त्याला वाटलं.

"माधव, आम्हाला माहीत होतं," पॉलीन म्हणाली. "काही अडलं की आम्हीही लायब्ररीत जाऊन तिलाच विचारायचो. प्लेग्राउंडचं मला तिनंच पटवलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिनंच बजावलं होतं, त्याला कळू देऊ नका म्हणून. त्याला वाईट वाटेल म्हणाली."

माधवला वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की त्यानं पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि त्याचे खांदे हलायला लागले. क्लार्क अजून त्याच्या मतासाठी थांबला होता.