कालव्यावरची घेरी

माझ्या भावाच्या दशक्रियेला राजुरीत माईकवरून भाषणांवर भाषणं झाली. आमच्याकडे दहाव्याला ओढ्याकाठी मंडप टाकतात, प्रवचन होतं आणि मग पुढारी श्रद्धांजली वाहतात. एका पुढाऱ्याने "तालुक्याचा हॉकीतला हिरा हरपला" असं सांगितलं. मागून कुणीतरी "फुटबॉल, फुटबॉल" असं कुजबुजलं, तेव्हा "हॉकी असो वा फुटबॉल, खेळता खेळता आलेलं मरण भाग्याचं" असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांमध्ये बसून ते ऐकत होते आणि उठून त्या माईकची वायर उपटून टाकावी, असं मला वाटत होतं.

चोवीस वर्षांचा पोरगा मैदानात धावता धावता पडला आणि उठला नाही, यात भाग्य कुणाचं? पण तेव्हा माझा राग फक्त त्या भाषणांवर होता. त्याला आधी एकदा घेरी आली होती, ती घरातल्या मोठ्यांनी झाकली आणि माझं लग्न मोडू नये म्हणून झाकली, हे मला कळायला आणखी दहा वर्षं जायची होती.

फुटबॉल आमच्या घरात आला तो पुण्याजवळच्या खडकीहून. आम्ही लहान असतानाच वडील गेले. शेतात पाणी धरताना उभ्या उभ्या कोसळले. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले आणि विषय संपला. मग भावाला मामाने शिकायला खडकीला नेलं. तिथल्या गल्लीगल्लीत फुटबॉल. हा गावाकडचा काटक गडी, कालव्याच्या भरावावर पळून तयार झालेला. दोन-तीन वर्षांत त्याने तिथल्या पोरांना घाम फोडला, पुढे जिल्ह्याच्या संघात गेला आणि मुंबईच्या एका कंपनीने त्याला आपल्या संघात घेतलं. नोकरी नावाला, काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ फुटबॉल. गावाला हे काही केल्या पटेना. पारावरचा एक म्हातारा त्याला दर सुट्टीत विचारायचा, "चेंडूला लाथा मारायचा पगार देत्यात व्हय रं? मग आमचं गाढव तर साहेबच व्हईल की!"

"आणा की त्याला मुंबईला," भाऊ म्हणायचा, "पण आधी डोळे, छाती, तळपाय सगळं मोजून घेतात बरं. मी पास झालोय."

खरंच मोजलं होतं. छाती फुगवून टेप लावला होता. छातीच्या आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

घरचा कारभार थोरल्या चुलत्यांकडे होता. चुलत्यांचा जीव त्यांच्या गाड्याच्या बैलावर. यात्रेत बैलगाड्यांची शर्यत असते, तिथे घाटात गाडा पळवायचा तर आठ दिवस आधीपासून त्या बैलाची बडदास्त सुरू व्हायची. नारायणगावहून जनावरांचा डॉक्टर यायचा. चुलते स्वतः बैलाच्या बरगडीला कान लावून उभे राहायचे. एका वर्षी बैलाला नुसती धाप जास्त वाटली तर ऐन यात्रेत त्यांनी शर्यतीतली आपली बारी सोडून दिली. सगळा गाव हळहळला. चुलते म्हणाले, "मुकं जनावर हाय राव, त्याचा जीव आपून वळखायचा." हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून पुढचं मला अजून गिळता येत नाही.

त्या दिवाळीत भाऊ घरी आला तेव्हा मी जुन्नरला मावशीकडे होते. परतले ती थेट पाहुणे मला बघायला आले त्याच दिवशी. स्थळ शिनोलीचं, आंबेगाव तालुक्यातलं, चांगलं खातंपितं. भाऊ पाहुण्यांना पाणी देत होता, हसत होता. मला नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगा बरा वाटतो. फुटबॉल आवडतो म्हणाला. खोटं बोलत असेल, पण तुझ्यासाठी बोलला." जमलं. माघात तो गेला. मुंबईत सामना चालू होता, त्याच्याजवळ चेंडूही नव्हता, आसपास कुणी नव्हतं, आणि तो गुडघ्यावर बसला तो तोंडावर पडला. सोबत्यांना वाटलं पायात गोळा आला. त्यांनी पाय चोळले, तोंडात लिंबूपाणी घातलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्याकडे घरात गमी झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. चुलते थांबणारे नव्हते. वैशाखात मी शिनोलीला नांदायला आले, रडून सुजलेल्या डोळ्यांची नवरी.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. संसार सगळ्यांचा असतो तसा झाला. मुलगी झाली. ती चालायच्या आधी पळायला लागली, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. मामावर गेली, असंही म्हणायच्या, आणि मला ते गोड वाटायचं.

ती तिसरीत असताना आई चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघी टीव्हीसमोर वाल सोलत बसलो होतो. बातम्यांत परदेशातला एक फुटबॉलपटू दाखवला. धावता धावता थांबला, वाकला आणि कोसळला. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी टीव्ही बंद करायला उठले, तर आई पडद्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आस्साच पडला व्हता कालव्यावर."

"कोण?"

आईने शेंग खाली ठेवली. बोलून गेली होती, आता मागे घेता येत नव्हतं.

"त्या दिवाळीत. पळता पळता. गड्यांनी उचलून आणला. कुणी कांदा फोडला, कुणी त्याच्याच बुटाचा वास दिला. जरा वेळानं उठला आन् हसाया लागला."

"मग डॉक्टर?"

"रविवारी तुझं पावणं यायचं व्हतं. तुझा चुलता म्हणला, पोराला फिट येती असं पावण्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं जमायचं नाय. नारायणगावच्या दवाखान्यातला कंपाउंडर शिनोलीचाच, तुझ्या सासरच्यांच्या भावकीतला. त्याच्या म्होरून पोराला कसं न्यायचं?"

आमच्या भागात सोयरीक जमताना शेती, नोकरी पुढच्या दाराने विचारतात. मागच्या दाराने विचारतात, घरात कुणाला कोड आहे का, वेड आहे का, फिट येते का. त्या मागच्या दाराला माझ्या घरच्यांनी कुलूप घातलं आणि भावाला आत कोंडलं. तो म्हणत होता, मुंबईत संघाचा डॉक्टर आहे, त्याला विचारतो. चुलत्यांनी त्याला माझी शपथ घातली. बहिणीचं लग्न होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. त्याने उघडलं नाही. तो खेळत राहिला.

मी विचारलं, "तो गेल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी काही सांगितलं होतं?"

आई खाली पडलेली सालं गोळा करू लागली. मग म्हणाली, "जन्मापास्नं काळीज जाड व्हतं म्हणं. रक्ताच्या मानसांनी तपासून घ्या म्हणला."

"रक्ताचं माणूस म्हणजे मीच ना गं?"

"लगीन तोंडावर आलेलं, बाय."

दुसऱ्या दिवशी मी माहेरी राजुरीला गेले. चुलते गोठ्यात होते. आता थकले होते, पण मला दया आली नाही. मी विचारलं ते त्यांनी नाकारलंही नाही. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असती. तुझा संसार झाला का न्हाई? आन् नेला आस्ता डाक्टरकडं म्हंजी वाचलाच आस्ता कशावरून?"

"बैलाला कान लावत होता तुम्ही," मी म्हणाले. "त्याला एकदा लावला असता."

ते वैरण टाकत राहिले. त्यानंतर मी त्या घरात पाणी प्यायले नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आमाला फशिवलं की गं," म्हणाल्या. खरंच होतं, फसवलंच होतं. फक्त त्यात मलाही फसवलं होतं, हे त्यांना पटवून द्यायला माझ्यात त्राण नव्हतं. नवरा तपासणीला तयार होईना. "चांगली पोर हाय, घोड्यासारखी पळती. कशाला उकरून काढायचं?" मी भांडभांड भांडले. शेवटी एकटीच मुलीला घेऊन एसटीने पुण्याला गेले. दवाखान्यात आधी माझ्या आणि मग तिच्या छातीवर थंडगार जेल लावून पडद्यावर काळीज पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणी अचानक गेलंय का. मी भाऊ सांगितला. मग एकदम ऊन लागून गेलेले वडील आठवले.

माझं काळीज थोडं जाड होतं. तिचं जास्त. गोळ्या दिल्या, आणि शर्यत, पळापळ कायमची बंद. चालेल, शिकेल, मोठी होईल. पण जोरात पळायचं नाही.

नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला, "शिनोलीतलं कुणी दिसलं का तिथं?"

मला हसावं की रडावं कळेना. तो वाईट माणूस नाही. रात्रभर मुलीच्या उशाशी बसला. पण सकाळी त्याने आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं की शाळेत काही सांगायचं नाही. पोट दुखतं म्हणायचं, पाय मुरगळला म्हणायचं. मुलीलाही आजाराचं नाव सांगायचं नाही, ती मैत्रिणींत बोलेल. उद्या उजवायची आहे तिला. पोर नऊ वर्षांची, आणि घरात तिच्या उजवण्याची काळजी सुरू झाली.

मी काही दिवस पोटदुखीची चिठ्ठी पाठवून पाहिली. मुलगी ती फाडून टाकायची, कारण तिचं पोट दुखतच नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि शाळेने तिला पळण्यात निवडलं होतं. स्पर्धेच्या दिवशी मी तिला घरी ठेवलं, विहिरीवरून पाणी आणायला गेले आणि परत येते तो ती नाही. शाळेच्या पोरांबरोबर जीपमधून घोडेगावला गेली होती.

मी मिळेल त्या टेम्पोला हात केला. मैदानावर पोचले तेव्हा पोरी रेषेवर वाकल्या होत्या. तिचे केस लाल रिबिनीने बांधलेले, जीभ बाहेर काढून समोर बघत होती. शिट्टी तोंडात धरलेल्या गुरुजींकडे मी धावले आणि ओरडले. पोट नाही, पाय नाही, जे होतं तेच ओरडले. "हिच्या काळजाला आजार हाय! माझा भाऊ असाच पळता पळता मेलाय! हिला पळवू नका!"

शिनोलीतले निम्मे आईबाप तिथे होते. नवऱ्याच्या भावकीतलेही होते. गुरुजींनी मुलीला रेषेवरून बाजूला केलं आणि शर्यत तिच्याविना सुटली. ती बघत उभी राहिली.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नवरा माझ्याशी बोलला नाही. सासूबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, "आता कोण करणार हिला?" त्यांचं खोटं नव्हतं. उद्या मागच्या दाराने कुणी विचारायलाही येणार नाही, आधीच सगळ्यांना माहीत असेल.

मी मुलीपुढे ताट ठेवलं. तिने ते सरकवलं. मी तिला आजाराचं नाव सांगितलं, मामाचं सगळं सांगितलं. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची कुणी वैरीणच.

"तू मला सगळ्यांच्या म्होरं आजारी केलंस," ती म्हणाली.

केलं. माझ्या भावाला असं सगळ्यांपुढे आजारी करणारं त्या घरात कुणी निघालं नाही.