धर्माबादला मी उतरले नाही

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. आम्ही उमरीला राहत होतो. यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. ज्वारीचं पोतं सरकवताना माझ्या कमरेत कळ उठली आणि डाव्या पायात उतरली. आधी वाटलं, लचक भरली असेल. पण पुढे पायाला मुंग्या येऊ लागल्या, चप्पल निसटली तरी कळेना. त्या दुखण्यापेक्षाही मनाचा गोंधळ मला जास्त जड गेला.

कारण ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. वैद्यबुवा म्हणाले, वात कोपलाय. त्यांनी कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवलं. हकीमसाहेबांनी तुंबड्या लावल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यांमधली गादी सरकून नसेला दाबून राहिली आहे. फळीवर निजून राहा, पायांना वजनं बांधून कंबर ताणू, बहुतेकांना तेवढ्यावर आराम पडतो. नाहीच पडला तर हैदराबादला ऑपरेशन. मणक्याचं थोडं हाड काढून नस मोकळी करतात. ऑपरेशनचं नाव निघताच सासूबाई म्हणाल्या, "पाठीला सुरी लावल्यावर माणूस उठतंय व्हय?" त्यांच्या ऐकिवात धर्माबादचा एक हाडं बसवणारा होता. पाठीत गुडघा रोवून तो एका हिसक्यात मणका जागेवर आणतो म्हणे. सगळे मायेनंच बोलत होते, म्हणून तर कुणाला नाही म्हणावं ते सुचेना. पडल्या पडल्या मी माहूरच्या रेणुकामाईला हात जोडी. "आई, मला काही कळून नाही राहिलं. तूच काय ते ठरव." खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी आणि थकवाच जास्त होता. ती ऐकते की नाही, याचीही मला शंका येई.

शेवटी धर्माबादला जायचं ठरलं. यजमानांनी मला आगगाडीच्या जनाना डब्यात बाकावर निजवलं आणि ते शेजारच्या डब्यात बसले. माझ्यासमोर एक मुसलमान बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. नांदेडला बहिणीकडे जाऊन त्या निजामाबादला घरी परत निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं म्हणून मी दुखणं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले. माझ्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, "पेशाब लगे सो समझता क्या तुमको?"

मी पदरानं तोंड झाकलं. आदल्या दिवसापासून मला लघवीचं कळत नव्हतं. बसायची जागा दुसऱ्या कुणाची असावी तशी बधिर झाली होती. पण हे सांगणार कुणाला? वैद्य, हकीम, डॉक्टर सगळे पुरुष. सासूबाईंशी असलं बोलायची रीत नव्हती, यजमानांशी तर नव्हतीच. त्या परक्या बाईंना मात्र मी मान हलवून होय म्हटलं.

त्यांच्या नणंदेला हेच झालं होतं. कुणीतरी तिची पाठ दाबून दिली आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. लघवीचं कळेनासं झालं तेव्हाच आणायला हवं होतं, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. "उतरना नक्को," त्या म्हणाल्या. "सीधे हैदराबाद जाव. आज के आज."

माझं डोकं चालेना. अनोळखी बाईचं ऐकून घरच्यांचा शब्द मोडायचा? आणि ऑपरेशनमध्येच काही झालं तर? तेवढ्यात धर्माबाद आलं. यजमान दाराशी येऊन म्हणाले, "चल, हात दे."

"मी न्हाई उतरत."

"अगं, गाडी सुटंल."

घराच्या चार भिंतींत जे ओठांवर आलं नव्हतं, ते मी फलाटावरची माणसं ऐकत असताना रडत रडत सांगितलं. यजमानांचा चेहरा उतरला.  ते म्हणाले, "पडून राहा तशीच. गार्डाला हैदराबादच्या तिकिटाचं सांगून येतो." बासरच्या पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा मी हात जोडले, कशासाठी, ते ठाऊक नव्हतं. निजामाबादला त्या बाई उतरल्या. जाताना आपली शाल घडी करून माझ्या कमरेखाली सरकवून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि लगेच ऑपरेशनची तयारी केली. बरं व्हायला पुष्कळ दिवस गेले. लघवीचं कळू लागलं, पाय जमिनीवर ठरू लागला. डावी टाच अजूनही थोडी मागे राहते. घरी आल्यावर सासूबाई माझ्या उशाशी बसल्या. "मला का बोलली न्हाईस गं?" एवढंच त्यांनी विचारलं.  

त्या बाई म्हणजे देवीच होत्या, असं मी म्हणत नाही. घरी निघालेली ती एक संसारी बाई होती. पण मी आईला हाक मारली होती आणि कुणीतरी समोर येऊन बसलं होतं, हेही खोटं नाही. देवावर भार टाकायचा म्हणजे डोळे मिटून गप्प पडायचं, असं मी समजत होते. त्या दिवशी मात्र रेणुकामाईच्या पायाशी मला माझी लाजच ठेवावी लागली. तिनं वाट दाखवली की नुसतं बोलायचं बळ दिलं, ते अजून उमगलेलं नाही, आणि उमगावं असा हट्टही आता उरला नाही. रोज सकाळी माझ्या पायांनी उठते, भुईला हात लावून तो कपाळी नेते आणि कामाला लागते.